पाहुण्यांआधी घरच्यांना वाढा: प्रोबायोटिक नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

"मन्हं पोट फुगी राहिनं भाऊ, ती दहीनी गोळी दे ना."

अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे आणि हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. दहीनी गोळी म्हणजे प्रोबायोटिक. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलंय, आणि वाईट नाही पाडलं. पण गोळी हातात दिली की पुढचे प्रश्न सुरू होतात. जेवणाआधी की नंतर? किती दिवस? फ्रिजात ठेवायची का? पोराला चालेल का? आणि शेवटी हमखास, "याने इम्युनिटी वाढते ना?" मागे चार माणसं प्रिस्क्रिप्शन धरून उभी असताना हे सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. आणि पुढे बऱ्याच ठिकाणी मी तुम्हाला माझ्याच दुकानातला माल घेऊ नका असं सांगणार आहे, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करा

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यास शरीराला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा मथितार्थ. या व्याख्येत तीन अटी आहेत: जिवंत, पुरेसे आणि फायदा. तिन्ही एकदम पूर्ण झाल्या तरच ते प्रोबायोटिक. एकही तुटली तर ते नुसतं खाणं, किंवा नुसता खर्च.

पहिल्याच अटीवर आपल्याकडचे बरेच लाडके पदार्थ गळतात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, तरी घरभर आंबूस वास सुटतो. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारीही भिजून आंबते. हे आंबवणंच आहे आणि ते करणारे जिवाणूच आहेत, यात वाद नाही. पण नंतर चीक शिजतो, बिबड्यांचं पीठ रटरटतं, वर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचं ऊन खातं आणि शेवटी तळणीत किंवा विस्तवावर जातं. त्यातून कोण जगणार? इडली, ढोकळा, जिलेबी यांचंही तेच. आंबवल्याने पदार्थ पचायला हलका होतो, चव येते, हे खरंच. पण आंबवलेलं ते सगळं प्रोबायोटिक, हे खरं नाही. आपल्या कढी-फुणक्यांतली (फुणके म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके) कढीसुद्धा उकळलेली असते. कढी खाऊ नका असं मी मेलो तरी म्हणणार नाही, फक्त तिच्या नावावर जिवंत जिवाणू मांडू नका.

दुसरी गोष्ट वाणाची. हे शेतकऱ्याला समजावायला मला कधीच त्रास होत नाही. केळी म्हटली तरी बसराई वेगळी, श्रीमंती वेगळी, ग्रँड नैन वेगळी. रावेर-यावलकडच्या माणसाला नुसतं "केळी लावली" सांगितलं तर तो लगेच विचारेल, कोणती? जिवाणूंचंही तसंच. लॅक्टोबॅसिलस हे झालं कुळाचं नाव, त्यापुढे जातीचं नाव आणि त्याहीपुढे वाणाचं, म्हणजे एखादा क्रमांक किंवा अक्षरं. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यातलं 'जीजी' हे वाण. एका वाणाने जुलाब आटोक्यात आले म्हणून त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाने येतीलच असं नाही. त्यात २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस हे कूळच फोडून त्याची २५ कुळं केली. त्यामुळे काही डब्यांवर आता 'लॅक्टिकेसिबॅसिलस' असली जीभ वळवणारी नावं दिसतील. घाबरू नका, बऱ्याचदा जुनाच गडी नव्या आडनावाने आलेला असतो.

पोटात नेमकं काय होतं

माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ मधला अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे आपण निम्म्याहून जास्त दुसऱ्याचेच आहोत, मात्र वजनात हे सगळे जिवाणू पाव किलोसुद्धा भरत नाहीत. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जे आपल्याला पचत नाही, म्हणजे ज्वारीचा कोंडा, डाळीतल्या काही साखरा, कांदा-लसणातला इन्युलिन, ते खाऊन ते आखूड साखळीची मेदाम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. अस्तर धड राहिलं की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं.

प्रतिकारशक्तीचा संबंध इथेच येतो. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत तळ ठोकून असतो, कारण बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त गाठ तिथेच पडते. तिथल्या पेशी आयजीए नावाची प्रतिपिंडं आतड्यात सोडतात. कोणाला हाकलायचं आणि कोणाकडे काणाडोळा करायचा, हे त्या पेशींना शिकवण्यात आपल्या जिवाणूंचा हात असतो. शिवाय चांगल्यांनी जागा आणि अन्न अडवून धरलं की उपद्रव्यांना पाय रोवायला मिळत नाही. भरलेल्या एसटीत खिडकीची जागा मिळत नाही, तसं.

म्हणून 'इम्युनिटी वाढवते' हे वाक्य मला खटकतं. वाढवून करायचंय काय? ॲलर्जी, दमा, संधिवाताचे काही प्रकार म्हणजे प्रतिकारशक्ती नको तिथे पेटणंच. हवी असते ती समज, नुसता जोर नव्हे. मौज अशी की दह्याच्या जिवाणूंचा पहिला मोठा पुरस्कर्ता इल्या मेचनिकॉव्ह हा प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी १९०८ सालचं नोबेल विभागून मिळालेला माणूस. बल्गेरियातली माणसं आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात असं तो मांडत असे. दीर्घायुष्याचं काही सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून दुनिया दह्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली.

पहिली पायरी: आठ दिवस काहीही घेऊ नका, फक्त लिहा

पोराच्या जुन्या वहीचं मागचं पान पुरे. रोज किती वेळा संडासला गेलो, कसं झालं, पोट कधी फुगलं, त्याआधी काय खाल्लं, झोप किती, कोणती औषधं चालू आहेत. एवढंच. निम्म्या लोकांना वहीतच उत्तर सापडतं. एक गृहस्थ दोन महिने गॅसच्या गोळ्या नेत होते. वहीत दिसलं की रोज संध्याकाळी शेवभाजी आणि वर दोन कप चहा. त्यांना गोळीची गरज नव्हती, तर्रीवर थोडा हात आखडण्याची होती.

याच आठ दिवसांत यातलं काही दिसलं तर वही मिटा आणि डॉक्टर गाठा: शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, अंगात ताप, रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागणं, रक्त कमी झाल्याचा रिपोर्ट, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय. अशा वेळी दहीनी गोळी मागायला आलात तर मी देत नाही. भांडलात तरी देत नाही.

दुसरी पायरी: आत आहेत त्यांना जेवू घाला

बाटलीतले जिवाणू पाहुणे असतात. बहुतेक जण आतड्यात घर करत नाहीत. घेणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातात. घरचे मात्र जन्मभराचे. त्यांना उपाशी ठेवून पाहुण्यांवर महिन्याला सातशे-आठशे रुपये घालवणं मला पटत नाही.

आणि घरच्यांचं जेवण खान्देशात महाग नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारी असते आणि उडीदही. दोन्हीचे न पचणारे अंश थेट खालच्या मंडळींना मिळतात. भरताला लागणारा लसूण आणि कांद्याची पात, दोन्हींत इन्युलिनच्या जातीचे घटक आहेत. हरभरा, मठ (मटकी), चवळी, तूर आहेतच. केळी तर आपल्या उशाशी. पण इथे एक बारकावा: केळं जितकं हिरवट, तितका त्यात न पचणारा स्टार्च जास्त, पिकून साल काळी पडली की त्याची साखर झालेली असते. म्हणून कच्च्या केळीची भाजी आठवड्यातून एकदा तरी करा. वेफर मोजायचे नाहीत.

भाकरी, भात थंड झाला की त्यातल्या थोड्या स्टार्चची घडी बदलते आणि तोही न पचता खाली पोचतो. म्हणजे सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा फोडून खाणारा माझा आजा नकळत घरच्यांना आणि पाहुण्यांना एकाच पंगतीला बसवत होता. फक्त उन्हाळ्यात शिळं किती वेळचं आहे ते बघा. मे महिन्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत उघड्यावर राहिला तर तो जिवाणूंचाच खरा, पण भलत्या जिवाणूंचा. थंड करायचा तर लवकर फ्रिजात टाकायचा.

वाढवताना दमाने वाढवा. मैद्याच्या पावावर जगणाऱ्याने एकदम मठाची उसळ आणि कळण्याची भाकरी सुरू केली की पोट नगाऱ्यासारखं होतं, आणि मग तो म्हणतो हे मला सोसत नाही. दर आठवड्याला एक पदार्थ वाढवा आणि पाणी वाढवा. ज्यांना इरिटेबल बाॅवेलचा त्रास आहे, म्हणजे तपासणीत काही न सापडता वारंवार पोट दुखतं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होतं, त्यांना कांदा, लसूण आणि डाळी खरोखरच त्रास देऊ शकतात. त्यांनी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने चालावं.

तिसरी पायरी: दही, पण नीट लावलेलं

आता माझ्या आवडीचा विषय. काटेकोर बोलायचं तर घरचं दही हे व्याख्येतलं प्रोबायोटिक नाही, कारण त्यात कोणतं वाण आहे आणि किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं. तरी त्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात आणि एक फायदा पक्का आहे: दुधातली लॅक्टोज ही साखर ज्यांना पचत नाही, त्यांना जिवंत दह्यातून ती बरीच सोपी जाते. दुधाने गुडगुडणारं पोट दह्याने शांत राहतं, ते यामुळे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर (दह्यासारखं आंबवलेलं पातळ दूध) असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं उतरली. माणसं थोडी आहेत, त्यामुळे यावर इमला बांधू नका. पण वाटीभर दह्यासाठी एवढा पाया पुरे.

दूध उकळा आणि कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं की झालं. हे साधारण ४० ते ४३ अंशांच्या आसपास असतं. कडक गरम दुधात विरजण टाकलं तर जिवाणू मरतात आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यात फक्त रागावलेलं दूध सापडतं. अर्ध्या लिटरला हिवाळ्यात मोठा चमचाभर विरजण, उन्हाळ्यात अर्धा लहान चमचा. ते थोड्या दुधात मोडून मग सगळ्यात मिसळा आणि भांडं हलवू नका.

पुस्तकात लिहितात की रात्री लावा, सकाळी तयार. ही पुस्तकं भुसावळात लिहिलेली नसावीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घरात रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. अशा घरात दही चार-पाच तासांत लागतं आणि सकाळपर्यंत दातांना कळ आणतं. म्हणून उन्हाळ्यात दुपारी चारला लावा, रात्री नऊला लागलं की लगेच फ्रिजात, फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ. धुळ्याकडच्यांचं डिसेंबरात उलटं दुखणं: पारा एक आकडी झाला की दही लागतच नाही. तेव्हा भांडं गोधडीत गुंडाळा किंवा गव्हाच्या कोठीत खुपसा आणि दहा-बारा तास विसरा.

विरजण चार-पाच दिवसांपेक्षा जुनं नको. दह्याला तार सुटली तर विरजण बदला. वर गुलाबी, केशरी किंवा हिरवट डाग दिसला तर वरचं काढून खालचं खायचं नाही, सगळं फेका. विरजण कुठून आणायचं? ज्यांचं दही चांगलं लागतं त्यांच्याकडून. यासाठी शेजारणीशी बोलणं चालू ठेवावं लागतं, हा एक जादा फायदा.

ताकात चिमूटभर मीठ, जिरं टाकल्याने जिवाणू मरत नाहीत. चमचाभर फोडणी वरून ओतल्याने सगळं ताक तापत नाही, तेही चालतं. विकतच्या दह्यात दूध आधी निर्जंतुक करून मग विरजण लावलेलं असतं, त्यामुळे ते जिवंत असतं. पण एसटी स्टँडवर मिळणारं कागदी खोक्यातलं ताक, जे फ्रिजाबाहेर महिनोन्महिने टिकतं, ते ताक झाल्यानंतर तापवलेलं असतं. तहान भागते, बाकी काही नाही.

किती खायचं? वाटीभर दही किंवा पेलाभर ताक, रोज, जेवणाबरोबर. जेवणाबरोबर असं म्हणतो कारण अन्न असलं की जठरातल्या आम्लाचा मार थोडा बोथट होतो. सर्दी झाली की दही बंद, असा नियम बऱ्याच घरांत असतो. त्यावर मी भांडत नाही, बरं वाटलं की परत सुरू करा.

लोणच्याबद्दल एक ओळ: आपलं तेला-मोहरीचं कैरीचं लोणचं किंवा व्हिनेगरमधलं काहीही प्रोबायोटिक म्हणून मोजू नका. मिठाच्या पाण्यात आपोआप आंबवलेली गाजरं, मुळा असतील तर ती गोष्ट वेगळी. पण आपल्या उन्हात ती दोन-तीन दिवसांतच तयार होतात, नंतर फ्रिजात ठेवा. रक्तदाब असेल तर मिठाचा विचार आधी.

चौथी पायरी: गोळी कधी लागते

आता दुकानातला माल. ज्या दुखण्यांत खरोखर पुरावा आहे, ती यादी जाहिरातीपेक्षा बरीच आखूड आहे.

अँटिबायोटिकने होणारे जुलाब हे त्यातलं पहिलं. मुलांवरच्या चाचण्यांचा २०१९ चा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो की ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी रोज ५ ते ४० अब्ज या मात्रेत दिलं तर असे जुलाब कमी होतात. बोलार्डी हे जिवाणू नव्हे, यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. मात्र बुरशीवरचं औषध चालू असेल तर मरतं. जिवाणूंची गोळी असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर ठेवा. मी स्वतः एकदा दातासाठी अँटिबायोटिक घेताना घाईघाईत दोन्ही गोळ्या एकाच घोटात गिळल्या होत्या, पाच दिवस. पाहुणा दारात आणि आपणच त्याच्यावर कुत्रा सोडलेला.

या निमित्ताने दह्याचं एक पथ्य: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सीसायक्लीन या गोळ्या दही-दुधाबरोबर घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. दही खा, पण दोन-तीन तासांनी.

पण अँटिबायोटिक घेतलं की प्रत्येकाने प्रोबायोटिक घ्यावंच, असंही नाही. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ साली मोजक्या लोकांवर पाहिलं की अँटिबायोटिकनंतर अकरा वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. पाहुण्यांनी ओसरी अडवली, घरचे बाहेर थांबले. म्हणून जुलाबाचा धोका असेल, आधी झाले असतील, तर घ्या. सवय म्हणून नको.

लहान मुलांच्या जुलाबात मात्र माझं बोलणं कडक होतं. बाई धावत येते आणि आधी प्लास्टिकच्या छोट्या कुपीतलं औषध मागते. त्या कुपीत बहुतेकदा बॅसिलस क्लॉसाय या जिवाणूचे २०० कोटी बीजाणू, म्हणजे टणक कवचातले झोपलेले जिवाणू, असतात. मी आधी ओआरएस आणि झिंक काढून ठेवतो. जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. ओआरएस आणि झिंक यांवर वादच नाही: सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, आणि जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण. प्रोबायोटिकचं तसं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ साली प्रसिद्ध झाल्या, जुलाबाच्या मुलांना त्यांचा फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर द्या, पण ओआरएसच्या जागी नाही. आणि मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, तर मेडिकलवर थांबू नका, दवाखाना गाठा.

पोट फुगणं, इरिटेबल बाॅवेल: काहींना काही वाणांनी बरं वाटतं, पण पुरावा इतका विस्कळीत आहे की अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली चाचणीबाहेर त्याची शिफारस करायचं टाळलं. सर्दी-खोकला: २०२२ च्या कोक्रेन आढाव्यानुसार वारंवार होणारी सर्दी थोडी कमी होऊ शकते, पण पुराव्याचा भरवसा फार नाही. कोरोनाच्या काळात 'इम्युनिटी'च्या नावाने जे खपलं त्यातलं बरंचसं मीही विकलं, ते आज आठवलं की चांगलं वाटत नाही.

प्रतिकारशक्तीबाबतचा सगळ्यात ठसठशीत प्रयोग आपल्याच देशातला आहे, ओडिशातल्या खेड्यांतला. साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमचं एक वाण आणि त्याचं खाद्य असं सात दिवस दिलं. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. पण ती निवडलेली बाळं होती, निवडलेलं वाण होतं आणि देखरेख होती. म्हणून कोणी घरच्या बाळाला कसलीही कुपी पाजू नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर नवजात शिशूंच्या डॉक्टरांशिवाय मुळीच नाही.

पाचवी पायरी: डबा उलटा करून वाचा

डब्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रोबायोटिक खाद्यावर कूळ, जात आणि वाण तिन्ही असायला हवेत, किती जिवंत जिवाणू आहेत ते असायला हवं, आणि तेही मुदत संपेपर्यंतचं, नुसतं बनवलं त्या दिवसाचं नव्हे. हा आकडा 'सीएफयू' (जिवंत जिवाणू मोजायचं एकक) या अक्षरांबरोबर असतो. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. इंग्रजी 'बिलियन' तोच. तुलनेसाठी सांगतो, मिनोरू शिरोता यांनी १९३० साली वेगळ्या केलेल्या वाणाची ती जपानी ६५ मिलीची बाटली, तिच्यात ६५० कोटी असतात. नुसतं 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' लिहून वाण गायब असेल तर मी डबा परत ठेवतो. बारा-पंधरा वाणं एकत्र म्हणजे चांगलं, असंही नाही. आपल्या तक्रारीवर तपासलेलं एक वाण बरं.

सहावी पायरी: आपलं ऊन ध्यानात घ्या

ही पायरी कोकणातल्या लेखात नसती तरी चाललं असतं, इथे नाही. कॅप्सुलमधले वाळवलेले जिवाणू उष्णता आणि ओल यांनी मरतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. एका वर्षी मेमध्ये माझं पार्सल अर्धा दिवस उन्हात पडून राहिलं. डबे हाताला चटका देत होते. पाठवणाऱ्याने परत घेतले नाहीत, मी विकले नाहीत, सतराशे रुपये गेले. तेव्हापासून असा माल उन्हाळ्यात मी रात्रीच्या गाडीनेच मागवतो.

तुम्ही घेताना विचारा: फ्रिजातून काढून देताय का? डब्यावर २ ते ८ अंश लिहिलं असेल आणि तो फळीवर असेल तर घेऊ नका. घरी नेताना मोटरसायकलच्या डिकीत टाकून बाजार करत फिरू नका. फ्रिजाच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात ठेवा. लाइट गेली की दार उघडू नका. बीजाणूंची औषधं, म्हणजे बॅसिलसवाली, आपल्या हवेत जास्त तग धरतात आणि बहुतेक खोलीच्या तापमानाला ठेवता येतात. पण खोली म्हणजे २५-३० अंशांची, पत्र्याखालची नव्हे. पावडर गरम दुधात किंवा चहात कालवून देणाऱ्या आयांना मी दर महिन्याला नव्याने सांगतो: गार किंवा कोमट पाणी, बस.

ज्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये

केमो चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणारे, मोठ्या शिरेत नळी घातलेले, आयसीयूतले रुग्ण आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज असलेले. अशांच्या रक्तात हे 'चांगले' जिवाणू किंवा यीस्ट उतरून गंभीर संसर्ग झालेले आहेत. शिरेत नळी असलेल्याच्या खाटेशेजारी बोलार्डीची पुडी फोडणंही धोक्याचं.

शेवटची पायरी: थांबायचं कधी

सुरू करताना एकच वाण, एकच तक्रार आणि वहीत तारीख. पहिले तीन-चार दिवस थोडा गॅस होतो, तो उतरतो. अँटिबायोटिकसाठी घेत असाल तर कोर्सभर आणि नंतर आठवडाभर. जुन्या तक्रारीसाठी असेल तर चार आठवडे. चार आठवड्यांनी वहीचं पहिलं पान आणि आजचं पान शेजारी धरा. फरक दिसत नसेल तर बंद करा, दुसरा डबा आणायला येऊ नका. फरक दिसत असेल तरी एकदा दोन आठवडे बंद करून बघा. पुष्कळांचं पोट तसंच नीट राहतं, कारण तोवर भाकरी, उसळ, दही अंगवळणी पडलेलं असतं.

ती पहिली 'दहीनी गोळी' मागणारी मावशी चार आठवड्यांनी आली होती. गोळी बंद केली म्हणाली. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला: "भाऊ, तुन्हं दही चांगलं लागस म्हणतस. इरजन दे."